शांत वाचनाचा तास

टण्ण! कॉफीवालीने काउंटरवरची घंटी वाजवली आणि दुकानातले चौदाच्या चौदा जण गप्प झाले. 'शांत वाचनाचा तास' सुरू झाला. चार ते पाच. आपापलं पुस्तक आणायचं, कॉफी घ्यायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

कोपऱ्यातल्या टेबलाशी तिचे बाबा बसले होते. आणि त्यांच्या शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून, तिचे धाकटे काका. तिने काउंटरची कड घट्ट धरली. आपल्याच दुकानात आपलीच छाती अशी धडधडावी, याचं तिचं तिलाच हसू आलं.

अकरा वर्षं हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. घरं समोरासमोर. एक शिंकला तर दुसऱ्याला ऐकू जावं इतकी जवळ. पण निरोप सगळे हिच्यामार्फत. "तुझ्या काकाला सांग, अंगणातला नळ उघडा राहिलाय." "तुझ्या बापाला सांग, मला दिसतंय." भांडण कशावरून झालं? गल्लीचं म्हणणं, आजीच्या बांगड्यांवरून. हिला वाटायचं, घराच्या वाटणीवरून. बाबांना विचारलं की म्हणत, "त्यालाच विचार." काकांना विचारलं की तेही म्हणत, "त्यालाच विचार." एवढ्या एका बाबतीत मात्र दोघांचं पक्कं एकमत!

आणि आता काका शनिवारी निघाले होते. मुलाकडे, दूरच्या शहरात, कायमचे. सामानाचा टेम्पोसुद्धा ठरला होता. न बोलता गेले तर गेलेच. मग बाबा उरलेलं आयुष्य समोरच्या बंद खिडकीकडे बघत काढणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

गल्लीला वाटे, पोरगी धंदा वाढवायला दर गुरुवारी नवी टूम काढते. गल्लीला काय माहीत! गाण्यांच्या दिवशी दोघे एकाच घोळक्यात पाठीला पाठ लावून गायले. प्रश्नमंजूषेला तिने त्यांना एका गटात घातलं, तर दोघांनी एकच उत्तर दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून दिलं. बुद्धिबळाला समोरासमोर बसवलं, तर 'शह' म्हणायलाही कुणी तोंड उघडेना. दोन्ही राजे मारले गेले तरी डाव आपला चालूच!

शेवटी तिने हात टेकले. नाही ना बोलायचं? नका बोलू! आणि शांत वाचनाची पाटी लावली. बोलायचंच नाही म्हटल्यावर दोघांनाही यायला काही हरकत वाटली नाही. तिने फक्त खुर्च्या मोजून मांडल्या. काका आले तेव्हा एकच खुर्ची रिकामी होती, बाबांच्या शेजारची. ते बसले खरे, पण रिकाम्या हाताने. त्यांची पुस्तकं आधीच खोक्यांत गेली होती.

बाबांकडे मात्र नवी कोरी रहस्यकथा होती. त्यांनी सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान उघडलं, खुनी कोण ते बघून घेतलं, समाधानाने मान डोलावली आणि मग पहिल्या पानावर आले. ही त्यांची जन्माची खोड. "एकदा कळलं की जिवाला घोर नाही," म्हणायचे. पुस्तक उघडताच काकांनी तोंड पार भिंतीकडे फिरवलं होतं. एवढा राग! कॉफीवालीने मनाशी म्हटलं.

दहा मिनिटं गेली. किल्ल्या बनवणारा पहिल्याच पानावर घोरायला लागला, तसं शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी त्याला कोपराने ढोसलं. ती गंमत बघून कॉफीवालीने नजर वळवली आणि बघतच राहिली. काकांची मान हळूच भिंतीकडून इकडे आली होती. ते चक्क बाबांच्या खांद्यावरून वाचत होते! बाबांनी पान उलटलं. काका खुर्चीत थोडे पुढे सरकले. बाबांनी आणखी एक पान उलटलं. काकांनी खिशातून चष्मा काढला.

असं बरंच चाललं. मग एका पानावर बाबा थांबले ते थांबलेच. काकांचं केव्हाच वाचून झालं होतं. ते खाकरले. टेबलावर बोटं वाजवून झाली. पाय हलवून झाला. बाबा आपले ढिम्म.

"दादा, अरे पान उलट ना!"

किल्लीवाला दचकून जागा झाला. शिवणवाल्या बाई "शूऽऽ!" करून डाफरल्या. कॉफीवालीने हातातला फडका तोंडावर दाबून धरला, कारण तिला रडायला येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. घंटी वाजवून नियमाची आठवण करून द्यायचं तिला सुचलंच नाही.

बाबांनी पान उलटलं नाही. त्यांनी चष्म्यावरून धाकट्या भावाकडे पाहिलं.

"केव्हाचा थांबलोय," ते म्हणाले. "तू बोलल्याशिवाय मला कसं कळणार, तुझं वाचून झालं की नाही ते?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग पुस्तकाची उरलेली पानं अंगठ्याने चाळून पाहिली. पुष्कळ होती.

"हे काही शनिवारच्या आत व्हायचं नाही," ते पुटपुटले. "टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगतो." मग एकदम ताठ बसून त्यांनी थोरल्या भावावर बोट रोखलं. "पण एक लक्षात ठेव, दादा. या वेळीही खुनी कोण ते आधीच सांगितलंस ना, तर आणखी अकरा वर्षं तुझ्याशी बोलणार नाही!"