गुरुवारचा ब्लॉगवर्ग

"माऊस टेबलावर ठेवायचा असतो, बाई. टीव्हीच्या रिमोटसारखा हवेत धरायचा नाही," बागस म्हणाला. पुढच्या बाकावरचे दोन निवृत्त मास्तर हसले.

वार्सिनीबाईंनी माऊस खाली ठेवला. त्या बाजारात कोबी विकायच्या. नखांत माती होती आणि डोक्यावरचा रुमाल धुऊन धुऊन विटला होता. जावातल्या सालातिगा गावाच्या नगर ग्रंथालयात दर गुरुवारी दुपारी बागस ब्लॉगचा वर्ग घ्यायचा. वर्ग फुकट होता, त्यामुळे कुणीही यायचं, आणि आलेल्याला बागस सोलून काढायचा. शिकवण्यापेक्षा हिणवण्यात त्याला जास्त गोडी होती.

"पूर्वीची वेबसाइट म्हणजे भिंतीवरची नोटीस," तो म्हणाला. "वाचायची आणि गुमान घरी जायचं. आता भिंतही तुमची आणि खडूही तुमचा. तुमच्यासारख्यांच्या हाती खडू आलाय, आता अल्लाच जगाला वाचवो."

नमुना म्हणून त्याने स्वतःचं पान पडद्यावर लावलं. वर त्याच्या वडिलांचा फोटो होता, काळी टोपी, जाड चष्मा. खालचा मजकूर त्याने आवाज चढवून वाचला. "माझे वडील, हेडमास्तर हादिसुमार्तो. डोंगरावरच्या पोरांना फुकट शिकवायला दर गुरुवारी वर जायचे, शुक्रवारी परतायचे. पाऊस असो, ताप असो, एकही गुरुवार चुकवला नाही."

या दालनाला त्या हेडमास्तरांचं नाव द्यायचं घाटत होतं. ग्रंथपाल रेत्नोबाई शेवटच्या वर्गाला येऊन हे पान बघणार होत्या आणि मग ठरवणार होत्या. बागसने आईलाही बोलावून ठेवलं होतं. वडिलांचं नाव दारावर लागलं की गावात आपली मान आणखी दोन बोटं वर जाईल, असा त्याचा हिशेब होता. मान आधीच पुरेशी वर होती.

"हे तुम्ही लिहिलंत?" वार्सिनीबाईंनी विचारलं.

"नाही, चहावाल्याने लिहिलं."

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी सगळ्यांनी आपापलं पान उघडलं. वार्सिनीबाईंचं अडलं. फॉर्मला नाव हवं होतं आणि आडनावही. त्यांना मुळात एकच नाव. जावात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण यंत्राला ते कोण सांगणार? ते सारखी लाल रेघ दाखवत राहिलं.

"नेटवर एका नावाचा माणूस म्हणजे कुणीच नाही," बागस म्हणाला. "नवऱ्याचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा."

"ते मी कुठंच लावलेलं नाही, सर."

"का? नवरा चोर होता?"

मास्तर पुन्हा हसले. वार्सिनीबाई हसल्या नाहीत. "लग्न इमामासमोर झालं. सरकारी कागद नाही. ते गेले तर मातीलाही मला कुणी बोलावलं नाही. म्हणून तर आलेय. कुठंतरी लिहिलेलं असावं की ते माझे होते."

दुसऱ्या कुणाला गलबलून आलं असतं. बागसने जांभई दिली. अशी बिनकागदाची लग्नं करणाऱ्या बायकांची त्याला मनापासून किळस होती.

"मग इथं लावा. इथं कागद विचारत नाहीत. फोटो आणलाय?"

त्यांनी रुमालाच्या टोकाच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढला. फोटोच्या दुकानातून करून आणला होता. एकेक अक्षर शोधत त्या टाइप करू लागल्या, तोवर बाहेर चहा आला, सोयाबीनचं तळलेलं टेंपे आलं. बागसचा जीव तिकडे लागला.

"झालं का? की नवऱ्याचं चरित्र लिहिताय?"

"झालं. सर, चुकलं तर दुसरं कुणी पुसेल का?"

"ज्याचं पान त्यालाच पुसता येतं. दुसऱ्या कुणाच्या बापाला येत नाही." पडद्याकडे न बघताच त्याने त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि 'प्रकाशित करा' दाबलं. "जा, दिसलं तुमचं नाव जगाला. आता चहा घ्या."

शेवटच्या गुरुवारी दालन भरलं. रेत्नोबाई आल्या. बागसची आई अंबाड्यात मोगरा माळून पहिल्या खुर्चीवर बसली. वार्सिनीबाई मागच्या बाकावर होत्या. आज त्यांचा रुमाल नवा होता.

बागसने वडिलांचं पान वाचलं. आईने डोळे टिपले. रेत्नोबाईंनी मान डोलावली.

"सुरेख. पण हेडमास्तरांबद्दल आणखी कुणी लिहिलंय का हो? गावाला दाखवायला बरं पडेल."

"शोधू की," बागस म्हणाला आणि वर्गाकडे वळला. "बघा, शिका काहीतरी जाता जाता. या चौकटीत नाव टाकलं, की त्या माणसाबद्दल जिथं जे लिहिलंय ते पुढ्यात येतं. लपवायची सोय नाही."

त्याने 'हादिसुमार्तो' लिहिलं. दोन पानं आली. पहिलं त्याचंच होतं. दुसरं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कुणी जुना विद्यार्थी असणार," तो आईकडे बघून म्हणाला आणि त्याने ते उघडलं.

ग्रंथालयाचं नेट मंद. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी बांबूच्या भिंतीचं घर दिसलं. मग एक काळी टोपी आणि तिच्या शेजारी नवरीच्या केसांतली फुलं. मग जाड चष्मा. बागसने माऊस दोनतीनदा दाबला, पण पान त्याचं नव्हतं. आईने पर्समधून आपला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

फोटो पूर्ण उतरला आणि त्याखाली मजकूर उमटला. रेत्नोबाईंनी तो सवयीने मोठ्याने वाचला.

"माझे पती. एकही गुरुवार चुकवला नाही."