उद्या बोलू

"दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, मनोरमा. देवाला द्यायला आपल्याकडे दुसरं आहे काय?"

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, पण श्रावणातल्या सोमवारी अंगावर पहिला तांब्या ओतताना मनोरमाला हे ऐकू येतंच. तिथून मौन सुरू. वालीवच्या कारखान्यातही ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाटल्यांची झाकणं तपासणाऱ्या टेबलाची ती सुपरवायझर. सोमवारी ती चिठ्ठ्या लिहून काम सांगे. "आज ताई सायलेंटवर," म्हणून मुली हसत, आणि मग आपणही जरा हळू बोलत.

दुपारी ऑफिसातला कौस्तुभ कागद घेऊन खाली आला.

"मॅडम, तुमचं मौन मोडत नाही. फक्त सही पाहिजे. प्रिस्काचं आहे. बुधवारपासून न कळवता गैरहजर. शेठ म्हणतात, नोटीस पाठवा आणि नवीन मुलगी घ्या. इथे तुमचा शेरा. कामात लक्ष नव्हतं, असं काहीतरी टाका."

मनोरमाने प्रिस्काच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. श्रावणी सोमवारी प्रिस्का तिच्यासाठी उपासाची दोन केळी आणायची, वटारच्या आपल्या घरामागच्या वाडीतली. आज टेबलावर केळी नव्हती.

"घरी फोन केला होता मी," कौस्तुभ म्हणाला. "आई म्हणाली, खोलीबाहेर येत नाही, कोणाशी बोलत नाही. म्हटलं, हिनेपण तुमचं व्रत धरलं की काय!"

टेबलावरच्या दोघी हसल्या. मनोरमा हसली नाही.

गेल्या सोमवारी केळी ठेवल्यावर प्रिस्का तिथेच उभी राहिली होती.

"ताई, आज तुम्ही बोलणार नाही ना, म्हणून सांगायला बरं वाटतं. बाकी सगळे लगेच शिकवायला लागतात." मग हातातलं झाकण फिरवत ती म्हणाली, "तडे गेलेल्या झाकणांचा तो माल परत आला, शेठ सगळ्यांसमोर ओरडले, तेव्हापासून मला काही सुधरत नाही. एकच झाकण चार-चारदा बघते, तरी वाटतं तडा असणार. सकाळी गेट दिसलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात. डोळे मिटले तरी झाकणंच. मला वेडबीड तर लागणार नाही ना?"

तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. माल भरायचा राहिला होता. मनोरमाने चिठ्ठीवर लिहिलं, "उद्या बोलू."

प्रिस्काने ते दोनदा वाचलं. "नक्की ना, ताई?"

मनोरमाने मान डोलावली होती.

मंगळवारी मौन नव्हतं. मनोरमा दिवसभर बोलली. लेबलं तिरकी लागताहेत म्हणून बोलली, चिकटपट्टी संपली म्हणून बोलली, डब्यातल्या शिराळ्याच्या भाजीबद्दलसुद्धा बोलली. प्रिस्काने दोनदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा मनोरमा खोक्यांकडे वळली. विसरली नव्हती ती. काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि कुठेतरी वाटत होतं, पोरगी सावरेल आपली आपण. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिने रोजच्यासारखी पोथी वाचली. एक ओळ गाळली नाही.

"त्रास होता तर कोणाला तरी सांगायचं ना," कौस्तुभ म्हणाला. "न सांगता कोणाला कसं कळणार?"

मनोरमाने पेन उचललं. शेऱ्याच्या चौकटीत सावकाश लिहिलं, "तिने सांगितले होते. गेल्या सोमवारी. मला." खाली सही केली.

कौस्तुभने ते वाचलं. त्याचा चेहरा उतरला.

"मग मॅडम... तुम्ही काही केलं का नाही?"

चिठ्ठ्यांची वही शेजारीच होती. मनोरमाने ती पुढे ओढली. कागदावर पेन टेकवलं. मग पेन खाली ठेवलं.

ती उठली. खुंटीवर प्रिस्काचा एप्रन लोंबत होता. नीट घडी करून ठेवावा म्हणून तिने तो काढला, तेव्हा खिशात कागद लागला. चार घड्या घातलेला, घामाने मऊ पडलेला. उघडायची गरज नव्हती. कडेने मनोरमाला स्वतःचंच अक्षर दिसत होतं.

तिने वहीचं पान फाडलं, "अर्धा दिवस रजा" लिहून कौस्तुभच्या हातात दिलं, घडीची चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि निघाली.

गेटबाहेर तिची रोजची, हिलरीची रिक्षा उभी होती. सोमवारी तो काही विचारत नसे. ती बसली की तो रिक्षा स्टेशनकडे वळवी. आज सूर्य डोक्यावर असताना ती आलेली पाहून तो चकित झाला.

"स्टेशन ना, ताई? आज लवकर?"

तिने नाही अशी मान हलवली.

"मग? कुठे?"

तिने चिठ्ठ्यांच्या वहीसाठी पर्समध्ये हात घातला. वही टेबलावरच राहिली होती. हाताला लागली ती चार घड्यांची चिठ्ठी.

दिवा लागायला अजून पाच तास होते. पहाटेपासून मिटलेले ओठ सुकून चिकटले होते. तिने घसा खाकरला.

"वटारला," ती म्हणाली.