देवीची कृपा

सकाळी दहा वाजता पिंपरी पेंढारमध्ये जानकाबाईंनी सुनेची पाळी चुकल्याचे पेढे वाटले. नवरात्रात घरात घट असताना विटाळ नको, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या त्यांनीच आणून प्रतीक्षाला रोज समोर उभं करून गिळायला लावल्या होत्या. हे त्या सोयीस्करपणे विसरल्या. "आत्याबाई, गोळ्यांनी लांबलीय. दोनदा पट्टीवर तपासलं, काही नाही," प्रतीक्षा म्हणाली. "गप गं! देवीनं दिलंय. तुझ्या पट्टीला काय कळतंय?" शेजारणींनी माना डोलवल्या; त्याच गोळ्या त्यांच्याही सुनांनी गिळल्या होत्या. प्रतीक्षाचा नवरा पेढा चघळत लाडात येऊन म्हणाला, "आता लई जपायचं. तू सोमवारी रुजू व्हत न्हाईस, बँकेत फोन केलाय मी." दोन वर्षं खपून मिळवलेली नोकरी या बावळटाने एका पेढ्यात घालवली. तिने बँकेचा नंबर लावला. फोन अजून कोणी उचललेला नाही.