विषय क्रमांक तीन

एलेमेर बुराय मुद्दामच व्हायोलिन घरी ठेवून आला होता. “सभेला चाललोय, लग्नात वाजवायला नाही,” असं त्यानं बायकोला बजावलं होतं. हंगेरीतल्या सेगेद शहराच्या जिप्सी संगीत महोत्सवात वाजवणारे सगळे त्याच्याच रोमा जमातीतले. पण महोत्सव चालवणाऱ्या समितीवर त्यांच्यातलं कुणी कधी बसलं नव्हतं. तो पहिलाच.

खुर्ची ओढतोय तोच अध्यक्ष तिहामेर वादास म्हणाले, “काका, वाद्य कुठाय?”

“घरी. त्याला मताचा अधिकार नाही ना.”

सगळे मनापासून हसले. मग विषय क्रमांक तीन निघाला, महोत्सवाचा नवा संचालक. अध्यक्षांनी आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं. या मेव्हण्यांनी नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव बरीच वर्षं उत्तम चालवला होता.

“मी झोफी रात्सचं नाव सुचवतो,” एलेमेर म्हणाला. “संगीत शिकलीय, परदेशात राहून आलीय. हाताखाली म्हणून नेमलीय, पण महोत्सव तीच चालवते. वादक तीच निवडते, त्यांची भांडणंही तीच सोडवते. आणि आमच्यातली आहे.”

“झोफी? फार गुणी पोर!” अध्यक्ष म्हणाले. “आत्ताही आपल्यासाठी कॉफीच करतेय. करू हं विचार, जरूर करू. पण काका, हवा फार जड झाली. आधी काहीतरी होऊन जाऊ द्या!”

कुणीतरी काचेच्या कपाटातलं शोभेचं व्हायोलिन काढून त्याच्या हातात ठेवलंसुद्धा. एलेमेरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हॉटेलांत वाजवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि बोलायला तोंड उघडलं की लोक हेच म्हणत आले होते.

त्यानं खुंट्या पिळल्या. गज टेकवला.

सुरुवात संथ होती. मग लय चढत गेली. निवृत्त न्यायाधीश हेडविगबाईंचा गुडघा नाचू लागला. अध्यक्ष डोळे मिटून पेनानं ताल देऊ लागले. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलायला लागल्या, समेवर पडायला नुसता एक सूर उरला, आणि एलेमेरनं गज उचलला.

“पुढे?” अध्यक्षांनी डोळे उघडले.

“पुढचं तिसऱ्या विषयानंतर.”

लोक हसले. पण हसू फार टिकलं नाही. अध्यक्ष मेव्हण्याचे गुण सांगू लागले. मध्येच त्यांचं पेन आपोआप हलायचं आणि त्याच जागी येऊन थबकायचं. खजिनदारांनी उरलेला सूर हळूच गुणगुणून पाहिला. तो बेसूर लागला. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी खोकल्याचं सोंग केलं.

“तिहामेर, मतं घे बाबा एकदाची!” हेडविगबाई कळवळल्या. “माझा गुडघा वरच अडकलाय!”

“मेव्हण्यांच्या... आपलं, पहिल्या नावाच्या बाजूनं कोण?” अध्यक्षांनी हात वर केला. खजिनदारांचाही अर्धा वर गेला. एलेमेर शांतपणे व्हायोलिन कपाटाकडे घेऊन निघालेला दिसताच तो हात खाली आला.

“झोफी?”

बाकीचे सगळे हात वर. हेडविगबाईंचे दोन्ही.

तेवढ्यात दार ढकलून झोफी कॉफीचा ट्रे घेऊन आत आली.

“अभिनंदन, संचालकबाई!” हेडविगबाई ओरडल्या.

झोफी जागच्या जागी उभी राहिली. ट्रे ठेवायला तिनं जागा शोधली. टेबलभर कागद पसरलेले. कुणी आपले कागद हलवले नाहीत. शेवटी अध्यक्षच उठले, आणि त्यांनी ट्रे तिच्या हातातून घेतला.

तिच्यासमोर अध्यक्षांची खुर्ची रिकामी झाली होती. झोफी तिच्यावर बसली.

अध्यक्ष वाफाळत्या कपांकडे बघत राहिले. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, “साखर... कुणाला किती?”

एलेमेर कपाटापाशीच थांबला होता. त्यानं गज तारांवर ठेवला आणि राहिलेला सूर वाजवला.