एकोणीस जूनपर्यंतचा कर

हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या घरी दिगंबरराव वकिलानं आणलेले कागद वाचत होते. मुलगा ज्या जहाजासोबत बुडाला, त्या जहाजकंपनीचं ते कराचं विवरणपत्र होतं. जन्मभर इन्कमटॅक्समध्ये खपलेल्या माणसाला ती भाषा पाठ होती. नफा होवो की तोटा, जहाजाच्या टनांवर कर लागतो, जितके दिवस जहाज चालेल तितक्या दिवसांचा. कोर्टात कंपनी शपथेवर सांगत होती, जहाज चोवीस जूनला बुडालं, शोधही लगेच सुरू केला. विवरणपत्रात मात्र जहाजाचे दिवस एकोणीसलाच संपले होते. पाच दिवसांचा कर वाचवायला हरामखोरांनी इथं खरं लिहिलं होतं. "काय निघालं हो?" बायकोनं विचारलं. त्यांनी तारीख सांगितली. ती म्हणाली, "एकवीसला पोराचा वाढदिवस होता. कंपनीवाले फोनवर म्हणाले, सगळे सुखरूप आहेत. मी खुबानी का मीठा केला. तुम्ही दोनदा मागून घेतलात."