दुबईच्या गोळ्या

आनंदीचे गुडघे दुखतच होते, पण शेजारच्या कोन्सेसांवला लेकीने दुबईहून सांधेदुखीच्या गोळ्या पाठवल्या तेव्हापासून तिच्या पोटातही दुखायला लागलं. रोज सकाळी लेकीच्या व्हिडिओ कॉलवर कोन्सेसांव दारापुढच्या खळ्यात तरातरा चालून दाखवायची. आनंदी कुंपणापलीकडून बघायची आणि जळायची. आपल्या मुलाला असं काही सुचत नाही!

शेवटी अभिमान गिळून ती दोन गोळ्या मागायला गेली. फोन नुकताच बंद झाला होता आणि कोन्सेसांव भिंतीला धरून कण्हत खाली बसत होती.

“गो, गोळ्यांचो गुण नाय?”

“खंयचो गुण!”

“मगे तरातरा चलतंस कित्याक?”

“लंगडताना दिसलंय तर लेक माका दुबईक न्हेतली. मगे सांजचा तुझ्या वांगडा बोलूक कोण बसतला?”