लाल ठिपका

"हा लाल ठिपका कोण?" मालकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

लेकीने कॉम्प्युटरमध्ये त्यांचं अख्खं हॉटेल उतरवलं होतं. टेबलं म्हणजे चौकोन, गिऱ्हाइकं निळे ठिपके, कामाची माणसं इतर रंगांची. कोण कुठे जातं, किती थांबतं हे आठवडाभर टिपून तिने एक संध्याकाळ पडद्यावर जशीच्या तशी चालवली होती. वाट बघून कंटाळलेली गिऱ्हाइकं दारातूनच समोरच्या हॉटेलात जात होती. मोसम संपेपर्यंत हे थांबलं नाही, तर कुलूप लावायचं ठरलं होतं.

तिने चित्र मधूनच सुरू केलं होतं. लाल ठिपका प्रत्येक टेबलापाशी रेंगाळत होता. वेटर बिचारे त्याला वळसा घालून पळत होते. मधेच तो स्वयंपाकघरात घुसला की तिथलं काम खोळंबायचं.

"आधी त्याला काढून बघू?" असं म्हणत लेकीने ठिपका पुसला. दारातली रांग बघता बघता ओसरली.

मालकांचा पारा चढला. "एवढा कामचुकार माणूस, आणि माझ्या डोळ्यांदेखत? आजच्या आज काढ. नाव सांगू नकोस, नाहीतर मला दया येईल."

"बघा हं बाबा, मग शब्द फिरवायचा नाही."

"नाही फिरवणार."

त्या दिवसापासून तिने मालकांना माडीवर, पडद्यासमोर बसवलं. इथे अनुभवी नजरच हवी, म्हणाली. मालकांची छाती फुगली. गिऱ्हाइकांच्या गुडघेदुखीची विचारपूस राहून जायची याची चुटपुट लागे, पण हॉटेलसाठी त्यांनी तेही सोसलं.

आणि हॉटेलने कात टाकली. जेवण गरमागरम टेबलावर येऊ लागलं. समोर गेलेली मंडळी मुकाट्याने परतली. मोसम संपला तेव्हा कुलपाचं नावही कुणी काढलं नाही. मालकांनी सगळ्यांची पंगत बसवली आणि स्वतः वाढायला घेतलं. "पोरीने हॉटेल वाचवलं," असं ते प्रत्येक पानापाशी थांबून सांगत होते.

वाढता वाढता ते थबकले. वेटर, आचारी, भांडी घासणारी बाई, सगळे जुनेच चेहरे. एकही माणूस कमी नव्हता.

"मग त्या कामचुकाराला काढलंस कधी?" त्यांनी विचारलं. लेकीने घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. आचाऱ्याला ठसका लागला.

मालक तडक माडीवर गेले. तीच जुनी संध्याकाळ त्यांनी आज पहिल्यापासून लावली. हॉटेल उघडलं. निळे ठिपके दारातून आत आले. लाल ठिपका गल्ल्यावरच्या मालकांच्या खुर्चीतून उठला आणि लगबगीने पहिल्या टेबलाकडे निघाला.